सोंगाड्याची वेशभूषा

सोंगाड्याची वेशभूषा : लोकनाट्यात, सणसमारंभात किंवा फिरत्या करमणुकीत लोकांना हसविण्याचे काम करणार्‍या नटाने धारण केलेला पोशाख, शिरोभूषण, रंगभूषा व हातातील साधने यांचा समुच्चय. ‘सोंग’ म्हणजे घेतलेले रूप आणि ते वठविणारा तो सोंगाड्या. राजा, सावकार किंवा देव यांची भूमिका करणार्‍या नटाचा वेश पाहणार्‍यास खरा वाटावा, एवढीच अपेक्षा असते. सोंगाड्याच्या वेशाकडून मात्र दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. तो क्षणभर खरा वाटावा लागतो आणि त्याच क्षणी तो खरा नाही हेही उघड व्हावे लागते. हवालदाराचा अंगरखा घालणारा सोंगाड्या हवालदार वाटला नाही, तर त्याच्या हुकमांत गंमत उरत नाही. आणि तो पुरता हवालदार वाटला, तर लोक हसण्याऐवजी बिचकतात. म्हणून आपला वेश ठरविताना त्यातील खुणेची, म्हणजे सोंग उघडे करणार्‍या उणिवेची वा अतिरेकाची, निवड करणे हेच सोंगाड्याचे मुख्य काम असते. हसण्याच्या ओघात वरिष्ठांना, धनिकांना व अधिकार्‍यांना चार शब्द सुनावण्याची जी सवलत समाज सोंगाड्याला देतो, तीही या खुणेवरच अवलंबून असते.

महाराष्ट्रात हा विषय अभ्यासण्यास नंदुरबार जिल्हा विशेष सोयीचा आहे. सातपुड्यातील होळीची व्रतस्थ सोंगे, आदिवासी गावांतील सोंगाड्या पार्ट्या, यात्रांतील तमाशाचे फड आणि दारोदार फिरणारे बहुरूपी असे हसविणार्‍यांचे निरनिराळे प्रकार या एकाच प्रदेशात आढळतात व त्यांच्या वेशांमागील भिन्न नियम तुलनेने पाहता येतात.

पूर्वपरंपरा : वेशातून निर्माण होणार्‍या हास्याचा विचार भरताच्या नाट्यशास्त्रात (सु. इ. स. पू. २००–इ. स. २००) आढळतो. हास्यरसाच्या विभावांमध्ये विकृत वेश व विकृत अलंकार यांना तेथे स्थान आहे. विदूषक बुटका, दात पुढे आलेला, कुबडा, टकला व पिंगट डोळ्यांचा असावा असे सांगून, त्याच्या हास्याचे अंगामुळे, वाणीमुळे व नेपथ्यामुळे म्हणजे वेशामुळे असे तीन प्रकार मानले आहेत. नेपथ्यज हास्यासाठी चिंध्या, चामडे, काजळी, राख, गेरू इत्यादींचा उल्लेख येतो. ही सर्व साधने फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळणारी आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हसविणार्‍याचा वेश टाकाऊ वस्तूंतून घडावा, हा संकेत त्यानंतरच्या लोकपरंपरांतही टिकून राहिला. [⟶ विदूषक].

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक सादर केले. त्यांच्या पद्धतीच्या पौराणिक नाटकांत सूत्रधारापाठोपाठ येणारा विदूषक अंगाला झाडपाला बांधून वनचराच्या रूपात नाचत प्रवेश करी. कोकणातील दशावतारी खेळातला संकासुर काळा पोशाख व तोंड झाकणारा काळा बुरखा घालतो. तो असुर असला, तरी बोलतो मालवणी बोलीत आणि प्रेक्षकांची थट्टाही करतो. तमाशाच्या गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या व गौळणींची म्होरकी मावशी ही दोन विनोदी पात्रे येतात. मावशीचे काम पुरुष करतो. डोक्यावरून पदर घेतला, तरी चाल, आवाज व हातवारे पुरुषीच ठेवतो. स्त्रीपार्टी नटाप्रमाणे त्याने हुबेहूब स्त्री दिसणे अपेक्षित नसते. तसे झाल्यास मावशीचे हास्य संपते. [⟶ तमाशा, दशावतारी नाटके].

नंदुरबार जिल्हा : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सु. १६·४८ लाख असून तीपैकी सु. ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इ. जमाती येथे राहतात. भिली भाषेच्या अनेक बोलींबरोबर अहिराणी व गुजर बोलीही बोलल्या जातात. तापीकाठचा सखल, शेतीसंपन्न पट्टा आणि नर्मदेकडे उतरत जाणार्‍या सातपुड्याच्या रांगा असे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. सोंगाचे प्रकारही स्थूलमानाने या दोन भागांप्रमाणे वेगळे होतात.

होळीची सोंगे : अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगराळ भागात होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण होय. निरनिराळ्या गावांच्या होळ्या निरनिराळ्या दिवशी पेटत असल्याने तो अनेक दिवस चालतो. पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक असलेल्या काठी या गावची होळी राजवाडी होळी म्हणून ओळखली जाते. उंच बांबूचा दांडा उभारून रात्रभर ढोलांच्या तालावर नृत्य झाल्यावर ती पहाटे पेटविली जाते. सणापूर्वी भरणार्‍या बाजारांना भोंगर्‍या बाजार म्हणतात. घुंगरू, आरसे, मणी, रंगीत कापड अशी सोंगासाठी लागणारी बरीचशी खरेदी तेथे होते.

या होळीतील प्रमुख सोंग म्हणजे बावा किंवा बुध्या. नवस बोललेले पुरुष हे सोंग घेतात. उघड्या अंगावर राखेने पांढरे ठिपके, वर्तुळे व पट्टे काढलेले असतात. कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ किंवा मोठ्या घुंगरांचा पट्टा बांधतात. डोक्यावर बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर बसविलेला मोरपिसांचा उंच टोप असतो. नृत्यात पावलागणिक भोपळे एकमेकांवर आपटून खडखडतात व घुंगरू वाजतात. त्यामुळे वेश हेच एक वाद्यही ठरते. त्यांच्यासमवेत काजळीने तोंड काळे केलेली, तसेच स्त्रीवेश घेतलेल्या पुरुषांची सोंगेही असतात. बघ्यांच्या अंगावर धावून जाणे, वेडावणे, अडवून फाग मागणे हे प्रकार ही मंडळी करतात.

या वेशात व्यक्तीच्या आवडीनिवडीला वाव कमी असतो, कारण तो व्रताशी बांधलेला असतो. सोंग घेणारा पुरुष काही दिवस पालनी पाळतो. या काळात खाटेवर बसणे वा झोपणे, स्त्रीसंग, पादत्राणे व स्नान वर्ज्य मानण्याची पद्धत आहे. तपशील व दिवसांची संख्या गावपरत्वे बदलते. स्नान वर्ज्य असल्याने अंगावरील राखेची नक्षी ही केवळ एका रात्रीची रंगभूषा राहत नाही. ती पालनी चालू असल्याची खूण ठरते. व्रत संपल्यावर स्नान करून वेश उतरविला जातो. अशा रीतीने वेश केव्हा चढवावा व केव्हा उतरवावा, हे येथे नट ठरवीत नाही.

असे असले, तरी निवडीची एक मर्यादित जागा उरते. राखेच्या नक्षीची मांडणी, टोपाची उंची, त्यावर लावलेले आरसे व कागदी फुले यांतून प्रत्येक बावा वेगळा ओळखता येतो. अलीकडे काळे चष्मे व बाजारी झगमगीत कापडही या वेशात शिरले आहे. परंपरेच्या दृष्टीने हे विसंगत वाटले, तरी सोंगाच्या दृष्टीने ते अनपेक्षित नाही. परक्या व शहरी वस्तू अंगावर चढवून त्यांची थट्टा करणे हा सोंगाचा जुनाच व्यवहार आहे.

वेशातील साधनांची निवड प्रकाशाशीही निगडित आहे. होळीच्या ज्वाळांच्या तांबूस व हलत्या उजेडात सावळ्या त्वचेवर राखेचा पांढरा रंग सर्वांत स्पष्ट दिसतो. उंच टोपामुळे गर्दीतूनही बावा दिसतो आणि घुंगरांमुळे तो दिसण्यापूर्वीच ऐकू येतो. मोर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्षी असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांना मात्र त्या कायद्यातील देशांतर्गत व्यापाराच्या बंधनांतून सूट दिलेली आहे. त्यामुळे गळलेल्या पिसांचे टोप करण्याची रूढी चालू राहू शकली आहे.

पोटार्थी सोंगाड्या : होळीचा बावा वर्षातील काही दिवसच सोंग घेतो. सोंगावर पोट असलेल्या सोंगाड्याची स्थिती वेगळी असते. त्याला तेच रूप गावोगाव, रात्रीमागून रात्री घ्यावे लागते. ते लोकांच्या स्मरणात राहावे लागते आणि त्याचा खर्चही कमाईत बसावा लागतो.

नवापूर, नंदुरबार व तळोदे भागांत आणि लगतच्या गुजरातमधील गावांत सोंगाड्या पार्टी या नावाने ओळखली जाणारी आदिवासी लोकनाट्याची पथके आहेत. भिली भाषेच्या स्थानिक बोलींत, नृत्य, गाणी व विनोदी प्रवेश यांची सांगड घालून रात्रभर चालणारा हा खेळ असतो. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आहेत. शहादे तालुक्यात तापीकाठी असलेल्या सारंगखेडे येथे दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते. ती घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून तेथे तमाशाचे फडही उतरतात. यात्रेतील प्रेक्षक अहिराणी, गुजर, भिली व मराठी अशा निरनिराळ्या भाषा बोलणारे असतात. अशा ठिकाणी शाब्दिक कोटी सर्वांपर्यंत पोहोचत नाही. वेशातील विनोद मात्र पोहोचतो. बहुभाषिक प्रदेशात सोंगाड्याने वेशाला महत्त्व देण्याचे हे एक व्यावहारिक कारण होय.

वेशनिवडीचे संकेत : सोंगाड्याचे वेश वरवर पाहता मनमानी दिसत असले, तरी त्यांच्या निवडीत काही संकेत सातत्याने आढळतात.

(१) मापातील विसंगती : कपडा अंगाला फार सैल किंवा फार तोकडा असतो. दादा कोंडके यांनी चित्रपटांत रूढ केलेली ढगळ अर्धी विजार व तिची बाहेर लोंबणारी नाडी हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा विजारीत प्रौढ माणूस पोरगेला दिसतो व त्याच्या तोंडची धीट वाक्ये अजाणपणाच्या नावावर खपतात. मापातील विसंगतीमुळे नटाच्या हालचालींना मोकळीकही मिळते.

(२) अपूर्ण गणवेश : अधिकार्‍याचे सोंग घेताना गणवेशातील एखादा घटक मुद्दाम वगळला किंवा बदलला जातो. हवालदार हे तमाशा व लोकनाट्य यांतील सोंगाड्याचे आवडते सोंग. वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हवालदाराची भूमिका केली होती. कवलापूर (जि. सांगली) येथील लहू व अंकुश खाडे हे जुळे बंधू जहरी प्याला या वगातील काळू व बाळू या हवालदारांच्या भूमिकांमुळे त्याच नावांनी प्रसिद्ध झाले. दिसायला सारख्या असलेल्या दोघांनी एकसारखाच गणवेश घातल्याने कोण कोणता हे न कळणे, हाच तेथे वेशातील विनोद होता. गणवेशाचा हेतू माणसामाणसांतील फरक पुसणे हा असतो. या जोडीने तो हेतूच थट्टेचा विषय केला.

(३) एक कायम खूण : वगात सोंगाड्याला एका रात्रीत अनेक भूमिका कराव्या लागतात. कधी तो प्रधानाचा नोकर असतो, कधी वाटसरू, कधी वैद्य. प्रत्येक वेळी पूर्ण वेश बदलण्यास सवड नसते. म्हणून मूळ पोशाख तोच ठेवून उपरणे, घोंगडी, टोपी किंवा काठी एवढ्यांच्या बदलावर काम भागविले जाते. खांद्यावरचे उपरणे कमरेला बांधले की नोकर, डोक्यावरून घेतले की म्हातारी आणि गुंडाळून काखेत धरले की तान्हे मूल होऊ शकते. टोपीची तर्‍हा, मिशीचा आकार किंवा चालण्याची ढब यांपैकी एक खूण मात्र सर्व भूमिकांत कायम राहते. तीवरून प्रेक्षक नटाला ओळखतात व बदललेल्या भूमिकेला हसतात.

(४) शरीराशी मेळ : अंगाने सडपातळ नट आणि स्थूल नट यांना एकच वेश शोभत नाही. उंच नटाला आखूड बाह्यांचा सदरा, बुटक्या नटाला पायघोळ अंगरखा असा विरोध साधला जातो. शरीरात नसलेले वैगुण्य वेशाने आणावयाचे झाल्यास ते रात्रभर पेलता आले पाहिजे. पोटाशी बांधलेली उशी किंवा पाठीवरचे कुबड दोनचार प्रवेशांनंतर घामाने जड होते व नाचात सरकते.

(५) मळखाऊपणा व टिकाऊपणा : मातीच्या मैदानावर लोळणे, पडणे, मार खाणे हे सोंगाड्याचे नित्याचे काम असल्याने कपडा जाड, सुती व सहज धुता येणारा लागतो. ठिगळे लावलेला पोशाख दारिद्र्याचे चिन्ह म्हणून विनोदी ठरतो. पण तो पुनःपुन्हा दुरुस्त करता येणे हीही त्यामागील सोय असते.

रंगभूषा व रंगद्रव्ये : तमाशाचा खेळ पूर्वी पलिते व मशाली, पुढे गॅसबत्त्या व त्यानंतर विजेच्या दिव्यांच्या उजेडात होऊ लागला. प्रकाश जितका मंद, तितके चेहर्‍यावरील रंग ठळक असावे लागत. विजेच्या प्रखर प्रकाशात ते भडक दिसू लागल्याने सोंगाड्याची रंगभूषा उत्तरोत्तर सौम्य होत गेली. आज अनेक सोंगाडे भुवया, मिशा व गाल एवढेच रंगवून बाकीचा चेहरा मोकळा ठेवतात. तमाशातील विनोद प्रश्नोत्तरांवर व मुद्राभिनयावर चालत असल्याने चेहर्‍यावर रंगाचा जाड थर त्यास अडथळा ठरतो. होळीच्या बावाला बोलावे लागत नाही व त्याने व्यक्ती म्हणून ओळखले जाण्याचीही आवश्यकता नसते. म्हणून त्याचे सर्वांग रंगविता येते. कामाचे स्वरूप बदलले की रंगभूषेचे प्रमाण कसे बदलते, हे या दोहोंच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

जुन्या मराठी रंगभूषेत सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग, काजळ इ. द्रव्ये वापरीत. त्यांपैकी हिंगूळ हे पार्‍याचे व मुर्दाडशिंग हे शिशाचे संयुग असल्याने त्यांचा दीर्घकालीन वापर शरीरास अपायकारक असतो. वर्षभर खेळ करणार्‍या नटांना या द्रव्यांचा संपर्क अधिक येई. त्या मानाने राख, खडू, गेरू व तेलात खललेली काजळी ही लोकपरंपरेतील द्रव्ये कमी घातक होत. राखेने त्वचा कोरडी पडते व काजळी डोळ्यांत गेल्यास चुरचुरते. म्हणून रंग लावण्यापूर्वी अंगास तेलाचा हात लावणे व डोळ्यांभोवतीची कड मोकळी सोडणे हिताचे असते. आधुनिक काळात मेदयुक्त रंग कांड्यांच्या किंवा लगद्याच्या रूपात मिळतात. ते घामाने लवकर ओघळत नाहीत. भिंती वा कपडे रंगविण्यासाठी असलेले स्वस्त रंग मात्र चेहर्‍यावर लावणे धोक्याचे असते.

बहुरूपी व वेशातील जोखीम : दारोदार फिरून निरनिराळी सोंगे घेणारा बहुरूपी हा सोंगाड्याचाच जुना सहव्यवसायी. महाराष्ट्रात बहुरूप्यांची गणना भटक्या जमातींत होते. पोलीस फौजदाराचे सोंग घेऊन, शिट्टी फुंकून, वही काढून घरमालकावर चमत्कारिक गुन्हे लादणे व अखेरीस बिदागी मागणे हा त्यांचा परिचित खेळ होय. फसविण्याच्या हेतूने लोकसेवकाचा गणवेश किंवा चिन्हे धारण करणे हा भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम १७१ अन्वये गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. बहुरूप्याचा हेतू फसवणुकीचा नसतो, हे त्याच्या वेशावरूनच दिसावे लागते. विटलेला खाकी सदरा, भलत्याच आकाराचा बिल्ला, पायांतील वहाणा आणि आरोपांचा यमकबद्ध मजकूर या खुणा म्हणूनच महत्त्वाच्या ठरतात. वेशातील ही उणीव दारिद्र्यामुळे आलेली असली, तरी ती त्याचे संरक्षणही करते. [⟶ बहुरूपी].

अशा खुणा वाचण्याची लोकांची सवय मोडली, तर फिरस्त्यांच्या जिवावर बेतू शकते. १ जुलै २०१८ रोजी नंदुरबार जिल्ह्यास लागून असलेल्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांची हत्या केली. मृत व्यक्ती बहुरूपी नव्हत्या. भिक्षेसाठी त्या भागात आल्या होत्या. तथापि परगावाहून अनोळखी वेशात येणार्‍या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलल्याचा हा दारुण पुरावा होता. पूर्वी वासुदेवाची मोरपिसांची टोपी किंवा गोसाव्याची भगवी वस्त्रे हीच त्याची ओळख पटविण्यास पुरेशी असत. भ्रमणध्वनीवरून पसरणार्‍या अफवांच्या काळात वेशाची ही साक्ष अपुरी पडली आणि भटक्या कलावंतांना व भिक्षेकर्‍यांना ओळखपत्रांची गरज भासू लागली.

सर्कशीतील विदूषकाशी तुलना : पाश्चात्त्य सर्कशीतील विदूषकाचे रूप इंग्लंडमधील जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) या नटाने मोठ्या प्रमाणात घडविले. पांढरा चेहरा व गालांवर लाल त्रिकोण ही त्याची खूण होती. पुढे पांढर्‍या चेहर्‍याचा रुबाबदार विदूषक आणि ढगळ कपड्यांचा, लाल नाकाचा, सतत गोंधळ घालणारा ‘ऑगस्ट’ अशी जोडी रूढ झाली. पहिला हुकूम सोडतो व दुसरा तो बिघडवितो. तमाशातील पाटील व त्याचा नोकर यांच्या नात्याशी या जोडीचे साम्य आहे. एका विदूषकाने दुसर्‍याचा चेहरा उचलू नये, असा संकेत त्या व्यवसायात पाळला जातो. लंडनमध्ये १९४६ पासून स्टॅन बुल्ट यांनी विदूषकांचे चेहरे अंड्यांच्या कवचांवर रंगवून ठेवण्यास प्रारंभ केला व त्यातून अशा चेहर्‍यांचा एक संग्रहच तयार झाला.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विष्णुपंत छत्रे यांनी देशी सर्कशीचा पाया घातला आणि सर्कशीबरोबर रंगीबेरंगी पोशाखाचा विदूषक लोकांच्या परिचयाचा झाला. ‘जोकर’ या नावाने ओळखले जाणारे हे रूप आता वाढदिवस, दुकानांची उद्‍घाटने व जाहिराती यांतही दिसते. त्यासाठीचे तयार पोशाख, कृत्रिम केस व लाल नाके बाजारात मिळतात. ते घालणार्‍यास वेशाची निवड करावी लागत नाही. त्यामुळे खर्च व श्रम वाचतात. परंतु रूप नटाचे स्वतःचे राहत नाही. शिवाय स्थानिक जीवनातील कोणत्याही माणसाशी त्याचा संबंध नसल्याने त्या वेशातून कोणावर टीका करता येत नाही. रंगविलेल्या चेहर्‍याची काही लहान मुलांना भीती वाटते, हाही अनुभव असल्याने मुलांपुढे काम करणारे विदूषक पुष्कळदा रंग कमी ठेवतात किंवा मुलांदेखत हळूहळू लावतात.

सद्यःस्थिती : सोंगाच्या वेशाबाबत आज दोन प्रश्न विशेष चर्चिले जातात. पहिला प्रश्न थट्टेच्या विषयाचा आहे. पेंद्याचे लंगडेपण व बोबडेपण, मावशीचे बाईपण किंवा एखाद्या जातिजमातीचा पेहराव हे पूर्वी हास्याचे सर्रास विषय होते. दुबळ्यांच्या अंगावर हसण्यापेक्षा बलिष्ठांच्या आविर्भावावर हसणे अधिक उचित, ही जाणीव आता वाढली आहे. तमाशातील हवालदार, पाटील व सावकार यांची सोंगे पाहता ती परंपरेला परकी नाही. आदिवासींचा पेहराव शहरी मनोरंजनात हास्यास्पद म्हणून वापरला जातो, तेव्हा हा प्रश्न नंदुरबारसारख्या जिल्ह्यात अधिक तीव्रतेने जाणवतो. गावच्या होळीत बावाला पाहून हसणारे लोक त्याचे व्रत जाणतात. परगावच्या मंचावरील प्रेक्षकांना ते ठाऊक असतेच असे नाही.

दुसरा प्रश्न प्रदर्शनाचा आहे. होळीतील सोंगांचा वेश आता सांस्कृतिक महोत्सवांत, शोभायात्रांत व छायाचित्रांत वर्षभर दिसू लागला आहे. त्यामुळे कलावंतांना मानधन मिळते व जिल्ह्याबाहेर या परंपरेची ओळख होते. त्याचबरोबर पालनी न पाळता वेश चढविणे, सर्वांचे टोप एका मापाचे करणे, राखेऐवजी तयार रंग लावणे असे बदलही होत आहेत. मंचावर एकसारखेपणा शोभिवंत ठरतो. गावच्या होळीत मात्र प्रत्येक बावाचे वेगळेपण व त्याचा नवस महत्त्वाचा असतो. या परंपरेची नोंद करताना केवळ वेशाचे छायाचित्र पुरेसे होत नाही. तो कोणी, किती दिवस, कोणत्या नियमाने व कशासाठी धारण केला आणि केव्हा उतरविला, ही माहितीही त्याबरोबर नोंदली जाणे आवश्यक आहे. सोंगाड्या पार्ट्यांच्या बाबतीतही वेशांची यादी, त्यांतील बदल व ते कशापासून तयार केले याच्या नोंदी वृद्ध कलावंत हयात आहेत तोवर होणे अगत्याचे आहे. कारण टाकाऊ वस्तूंपासून बनविलेले हे वेश वापरून झिजले की टाकून दिले जातात व संग्रहालयांत क्वचितच पोहोचतात.